दहावी आली म्हणून तबला बंद करू नका

संपादक साहेब, नमस्कार.

जून जवळ आला की दरवर्षी तेच, पालक येतात आणि सांगतात सर यंदा दहावी आहे, वर्षभर तबला बंद ठेवतोय. मी सांगलीत गावभागात बरीच वर्षं मुलांना तबला शिकवतो. त्यांची अडचण मला कळते, शाळा, ट्यूशन, परत फ्लॅटमध्ये रात्री नऊनंतर वाजवलं की शेजारी दार वाजवतात. पण वर्षभर पूर्ण सुटलं की बहुतेक पोरं परत येतच नाहीत आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. वाद्याला हात न लावता पण रियाज होतो हे त्यांना कुणी सांगतच नाही.

मला ते २०१९ च्या पुरात कळलं. ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, आम्ही आईला आणि कागदपत्रं घेऊन निघालो, तबला खालीच राहिला. परत आलो तर पुड्या (तोंडावरचं चामडं) फुगलेल्या, शाई (मधला काळा गोल) सुटलेली, डग्ग्यात (डाव्या हाताच्या मोठ्या भांड्यात) चिखल. दीड महिना हातात काही नव्हतं. विश्रामबागला बहिणीकडे होतो, रात्री झोप लागायची नाही, मग डोळे मिटून कायदा, म्हणजे तबल्याची एक ठरलेली बोलरचना, मनात सुरू करायचो, धा धा ति ट धा धा तू ना, ता ता ति ट धा धा धी ना. नुसते बोल आठवायचे नाहीत हां, चाटेवर (पुडीच्या कडेवर) तर्जनी पडतेय, ति ट ला बोटं शाईवर येतायत, डग्ग्यावर मनगट टेकलंय, हे सगळं जाणवलं पाहिजे आणि आवाज पण ऐकू आला पाहिजे, तोही ज्या लयीत हात वाजवू शकतो त्याच लयीत. तिथं एक गोष्ट सापडली. ता ता ति ट ला डग्गा गप्प व्हायला पाहिजे ना, माझ्या मनातला डग्गा तिथं घुमतच राहायचा. मग तेवढाच तुकडा संथ लयीत रोज घेतला. नवीन जोडी आली तेव्हा पहिले दोन दिवस हात जड होता, दम लागत होता, पण ती जागा स्वच्छ आली. आता शिकवताना बघतो तर बऱ्याच मुलांचा हात नेमका तिथंच चुकतो.

नंतर वाचलं की अमेरिकेत मेंदूचे संशोधक अल्वारो पास्क्वाल-लिओने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पियानो न येणाऱ्या लोकांवर हेच करून बघितलं होतं, १९९५ ला ते छापून आलं. पाच बोटांचा एक धडा, रोज २ तास, ५ दिवस, काहींनी खरा वाजवला आणि काहींनी पियानोसमोर बसून फक्त मनात. मेंदूचा बोटं हलवणारा भाग दोघांचाही सारखाच वाढला. वाजवण्यात मनात वाजवणारे पाचव्या दिवशी खरं वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतके होते, पण २ तास प्रत्यक्ष वाजवल्यावर त्यांनी बरोबरी गाठली. म्हणजे हाताची गरज संपत नाही, हे पण सांगायला पाहिजे. निकास, म्हणजे हातातून आवाज नीट निघणं, आणि दम मनात तयार होत नाही.

आपल्याकडे तर पढंत, म्हणजे बोल तोंडानं म्हणणं, आहेच, परीक्षेत पण टाळी-खाली देऊन ठेका म्हणायला लावतात, फक्त मुलं तो पाठांतरासारखा म्हणून टाकतात, त्या वेळी हात काय करतोय याकडे लक्षच नसतं. शिकवणाऱ्यांनी क्लासची शेवटची दहा मिनिटं तबला बाजूला सरकवून एवढंच करून घ्यावं, आणि जिथं मनात अंधुक होतं तिथं थांबायला शिकवावं. पालकांना विनंती की दहावीच्या मुलाला झोपायच्या आधी पंधरा मिनिटं शांत बसू द्या, मोबाईल बाहेर ठेवून, आणि रविवारी अर्धा तास खरा तबला वाजवू द्या.

शाळा उघडायच्या आत छापलंत तर फार बरं होईल, बंद करायचं की नाही ते घरोघरी त्याच आठवड्यात ठरतं.

आपला,
तबला शिकवणारा एक वाचक, गावभाग, सांगली