शनिवारी गेटजवळ खोदकाम आहे, केबल सांभाळा

सर्व मेंबर्सना नमस्कार,
येत्या शनिवारी सकाळी ९ पासून गेट ते बी विंग पाण्याच्या पाइपलाइनसाठी खोदकाम होणार आहे, आणि त्याच पट्ट्यात आपली मेन केबल जमिनीखालून ट्रान्सफॉर्मरकडे जाते, म्हणून हे नीट वाचा.

केबल साधारण अडीच-तीन फुटांवर असते पण गार्डनची माती काढल्याने काही ठिकाणी ती बरीच वर आलीये. खणताना आधी वाळू, विटा किंवा लाल पट्टी लागली की तिथेच थांबायचं, खाली केबल आहे.

- जेसीबी चालणार नाही. केबलच्या आसपास फावड्याने हळूहळू, पहार आणि ब्रेकर बंद.
- केबलला नुसता ओरखडा जरी आला तरी लगेच कमिटीला सांगा, माती लोटून झाकू नका!! आज लाइट जात नाही, पण त्या चिरेतून पाणी शिरतं आणि पावसाळ्यात रात्री दोनला केबल उडते, मग फॉल्ट शोधायला व्हॅन येईपर्यंत सगळे अंधारात.
- केबल तुटली तर हात लावू नका, खड्ड्यात उतरू नका, लांब राहा. महावितरणला १९१२ वर फोन करा.
- त्या पट्ट्यातल्या गाड्या शुक्रवारी रात्रीच काढा, मुलांना तिकडे पाठवू नका.

ए विंगमधून दोघं जण खोदकामावर लक्ष ठेवायला हवेत, रिटायर्ड काकांपैकी कुणी असेल तर उत्तमच (तसेही गॅलरीतून बघणारच आहात 😄). नावं उद्या संध्याकाळपर्यंत द्या.

आणि हो, केबलच्या लाइनवर ज्यांनी परस्पर झाडं लावलीत त्यांनी ती हलवा, मुळं केबलला गुंडाळतात.

– सेक्रेटरी