पोर्तुगीज नोंदणीसाठी आधी इथला वकील गाठा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करायचे घरात ठरले की गोव्यात पहिला प्रश्न असतो, ‘एजंट कोण?’ खरे तर या कामाला दोन वकील लागतात. लिस्बनची नोंदणी लिस्बनचा वकील करून देईल, पण त्या नोंदणीने इथल्या मतदानाचे, सरकारी नोकरीचे आणि जमिनीचे काय होईल हे त्याला विचारण्यात अर्थ नाही. ते भारताच्या नागरिकत्व व पासपोर्ट कायद्यांत काम केलेला इथला वकीलच सांगू शकतो, आणि त्याच्याकडे आधी जायचे असते. बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. पोर्तुगीज पासपोर्ट हातात पडला की मग इथल्या वकिलाचा शोध सुरू होतो, आणि तोवर त्याच्या हातात फारसे काही उरलेले नसते.

१९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवट संपण्याआधी, गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्यांना पोर्तुगालचा कायदा आपले मानतो. लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कार्यालयात त्यांचा जन्म नोंदवता येतो आणि त्यांच्यामागून मुलांचाही. पोर्तुगालला दुहेरी नागरिकत्व चालते, भारताला चालत नाही. नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यासाठी अर्ज लागत नाही की राजीनामा. परदेशी पासपोर्ट मिळवणे हा नागरिकत्व नियमांनुसार निर्णायक पुरावा आहे, त्यावर वाद घालायला जागा नाही. वाद आहे तो नुसत्या जन्मनोंदणीचा. ‘आम्ही जन्मानेच पोर्तुगीज होतो, नव्याने काही घेतले नाही’ असा युक्तिवाद होतो, पण तो ठरवण्याचा अधिकार कलम ९(२) खाली केंद्र सरकारचा आहे, एजंटचा नव्हे. ‘नोंदणी करून ठेवा, पासपोर्ट काढेपर्यंत काही होत नाही’ असे छातीठोक सांगणाऱ्याला तेच वाक्य लेटरहेडवर लिहून, सही करून मागा. देत नाही हे लगेच कळेल.

इथल्या वकिलाकडे पहिल्या भेटीला चालू भारतीय पासपोर्ट, मतदार ओळखपत्र, नोकरीचा किंवा पेन्शनचा कागद आणि शेतजमीन, कूळ-मुंडकाराचे (मुंडकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) दावे असतील तर त्यांची कागदपत्रे न्यावीत. चार गोष्टींचे लेखी मत मागावे: नोंदणीने काय होते, पोर्तुगीज ओळखपत्राने काय होते, पासपोर्टने काय होते, आणि त्यानंतर भारतीय पासपोर्ट केव्हा व कसा परत करायचा. सल्ल्याची फी द्यावी लागते, ती द्यावी. भारतीय नागरिकत्व गेल्यावर राष्ट्रीयत्वाची माहिती दडवून भारतीय पासपोर्ट काढला, तर पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२(१-अ) खाली किमान एक वर्ष, कमाल पाच वर्षे कैद आणि १० ते ५० हजार रुपये दंड आहे. ‘जुना संपत आला आहे, तेवढा रिन्यू करून घेऊ’ म्हणणारे नेमके यात सापडतात. मतदार यादीत राहिलेल्या नावाचेही तसेच. नागरिक नसलेल्याचे नाव यादीत राहू शकत नाही, आणि ते काढून घ्यायचे असते.

आता वकील ओळखायचा कसा. इथल्या वकिलाकडे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद असते. तिचा क्रमांक विचारण्यात अपमान नाही. बार कौन्सिलच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करून काम मागता येत नाही, संकेतस्थळावर नाव-पत्ता, नोंदणी, पात्रता अशी मोजकी माहिती तेवढी देता येते. म्हणजे छोट्या जाहिरातींत, खांबांवर आणि बसथांब्यांवर ‘पोर्तुगीज पासपोर्ट खात्रीने’ म्हणणारा एक तर वकील नाही, नाहीतर नियम मोडणारा वकील आहे. (या जाहिराती वृत्तपत्रेही छापतात, हे संपादक महाशयांना ठाऊक असेलच.)

लिस्बनच्या वकिलाची खातरजमा घरबसल्या होते. तिथल्या वकील संघटनेच्या, म्हणजे ऑर्डेम दोस आद्वोगादोसच्या संकेतस्थळावर नाव टाकून शोधता येते. प्रत्येकाला व्यवसाय क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी एक अक्षर, लिस्बन विभागासाठी ‘एल’. नाव सापडले एवढ्यावर थांबू नये, सनद चालू आहे की निलंबित तेही तिथेच दिसते. तिथे सोलिसितादोर नावाचे दुसरे परवानाधारक व्यावसायिकही नोंदणीची कामे करतात, त्यांची संघटना वेगळी. या दोन्हींत न बसणारा ‘लिस्बनमधला आपला माणूस’ दुसऱ्यासाठी अशी कामे धंदा म्हणून करत असेल, तर तो पोर्तुगीज कायद्याने गुन्हा ठरू शकतो, मग तो गावचा असो की नात्यातला.

लिस्बनच्या वकिलाला द्यायचे मुखत्यारपत्र हा सगळ्यात कमी वाचला जाणारा आणि सगळ्यात महत्त्वाचा कागद. ते पोर्तुगीजमध्ये असते म्हणून लोक न वाचता सही करतात. मसुद्याचा मराठी किंवा इंग्रजी अनुवाद आधी मागावा. त्यात वकिलाचे पूर्ण नाव व व्यवसाय क्रमांक हवा, एजंटचे नाव नको. अधिकार जन्म, विवाह आणि राष्ट्रीयत्वाच्या नोंदणीपुरते हवेत. मालमत्ता विकण्याचे, बँक खाते चालवण्याचे, पैसे स्वीकारण्याचे अधिकार तयार नमुन्यात घुसडलेले असतील तर ते खोडायला लावावेत.

काम अडते ते मात्र कागदांवर. पंचायतीकडून मिळणारा एका पानाचा जन्मदाखला पुरत नाही. तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडून मूळ नोंदीची पूर्ण नक्कल घ्यावी लागते, तीत पुस्तक, पान आणि नोंद क्रमांक असतात. नोंदवही फाटलेली किंवा दुसरीकडे हलवलेली असेल तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात शोध घ्यावा लागतो. मग नावे. पोर्तुगीज काळातल्या नोंदीत ‘नाईक’च्या शेवटी क्यू-यू-ई असते, शाळेच्या दाखल्यात के, आणि आधारवर तिसरेच काही. हिंदू घरांत याहून मोठी अडचण बायकांच्या नावांची: जन्मनोंदीत शांता, लग्नात नाव बदलून सुमती, आणि पुढच्या सगळ्या कागदांवर सुमतीच. ‘दोन्ही नावे माझीच’ असे नोटरीपुढचे प्रतिज्ञापत्र लिस्बनला पुरेलच असे नाही. आणि घाईने नाव बदलून घेणे हाही धोका आहे, कारण १९५० च्या नोंदीशी जुळवायचे सोडून आपण आजचे नाव तिच्यापासून आणखी लांब नेतो. कोणता कागद कोणत्या कागदाशी जुळवायचा हे लिस्बनच्या वकिलाने ठरवल्याशिवाय एकही दुरुस्ती करू नये.

वडिलांकडून हक्क येत असेल तर आईवडिलांच्या लग्नाची नागरी नोंद लागते. देवळातले लग्न झाले पण नागरी नोंदणीला लागणाऱ्या दोन सह्यांपैकी दुसरी राहून गेली, असे गोव्यात पुष्कळ आहे. मुलाचे नाते अल्पवयातच अधिकृतपणे नोंदलेले असण्याला पोर्तुगीज कायद्यात महत्त्व आहे. त्यामुळे मूल मोठे झाल्यावर केलेली उशिराची जन्मनोंद असेल तर ती पहिल्याच दिवशी वकिलाला सांगावी. दडवली तर तीच पुढे नडते. परक्याच्या वंशावळीत आपले नाव चिकटवून देणारे महाभागही आहेत. ती मूळ नोंद खोटी ठरली की तिच्यावर उभ्या असलेल्या मुलानातवंडांच्या नोंदीही धोक्यात येतात.

अपोस्टीलचा (कागद परदेशात ग्राह्य ठरावा म्हणून लागणाऱ्या शिक्क्याचा) क्रम: आधी राज्य सरकारचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील, आणि शेवटी अपोस्टीलसकट पोर्तुगीज अनुवाद. आधी अनुवाद केला तर अपोस्टीलचा अनुवाद राहतो आणि तेच काम पुन्हा करावे लागते. नक्कल द्यावी, घरातले जुने मूळ कागद कोणालाही देऊ नयेत.

पैसे टप्प्याटप्प्याने, वकिलाच्या नावावरच्या बँक खात्यात आणि पावती घेऊन. सरकारी शुल्क, अपोस्टील, अनुवाद आणि वकिलाची फी हे चार आकडे वेगळे मागावेत, ‘सगळे मिळून इतके’ यातच मारायला जागा असते. अर्ज दाखल झाल्यावर त्याचा क्रमांक वकिलाने द्यायलाच हवा. राष्ट्रीयत्वाच्या अर्जाची स्थिती सांकेतिक क्रमांकाने ऑनलाइन स्वतः पाहता येते, तोही मागून घ्यावा. आणि लंडनच्या नोकरीचे चित्र दाखवून कोणी फी वाढवत असेल, तर युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांना असलेला ब्रिटनमधला मुक्त प्रवेश ३१ डिसेंबर २०२० ला संपला. आता पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे कामाला व्हिसा लागतो, आणि २ एप्रिल २०२५ पासून नुसत्या भेटीलाही ऑनलाइन पूर्वपरवानगी.

भारतीय नागरिकत्व गेल्यावर गोव्यातच राहणाऱ्यांसाठी ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते) हा मुख्य आधार. त्यावर राहता येते, पण मतदान नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने येऊ शकते. कार्डासाठी भारतीय पासपोर्ट परत केल्याचे प्रमाणपत्र लागते. ज्यांचे पासपोर्ट परत घेण्याऐवजी रद्द केले गेले, त्यांची यात कोंडी झाली होती. एप्रिल २०२४ मध्ये रद्द केल्याचे प्रमाणपत्रही चालेल असे ठरले. तरीही सरेंडर आणि रद्द होणे यांत फरक आहे, आणि आपण कोणत्या बाजूला पडणार हे वकिलाने तारखा मांडून सांगायला हवे.

अल्पवयीन मुलांचा विचार वेगळा करावा. पालकाने कलम ८ खाली घोषणा करून नागरिकत्व सोडले तर मुलांचेही जाते, पण सज्ञान झाल्यावर एका वर्षात ते परत मागण्याची सोय त्याच कलमात आहे. कलम ९ मध्ये अशी सोय लिहिलेली नाही. आईवडिलांची आणि मुलांची कागदपत्रे एकाच फाइलीत घालून एकदम पाठवणाऱ्या एजंटला हा फरक ठाऊक असण्याची शक्यता कमी. मुलांच्या अर्जावर सही करण्यापूर्वी तो इथल्या वकिलाकडून समजून घ्यावा.

आपला,
एक दस्तऐवज लेखक, फोंडा