टेक कंपनी नेमकी म्हणायची कुणाला?

प्रिय मित्रा,

तुझा प्रश्न डोक्यातून जातच नाहीये. बँक अॅपवर, विमा अॅपवर, ट्रॅक्टरमध्येपण सॉफ्टवेअर, मग टेक इंडस्ट्री म्हणून वेगळं उरलं काय? अरे उरलंय, आणि ते ओळखता आलंच पाहिजे, कारण त्या एका लेबलवर कंपनीची किंमतही ठरते आणि तिला कुठले नियम लागणार तेही.

वीवर्कचं बघ. धंदा साधा, ऑफिसच्या जागा लांब मुदतीने भाड्याने घ्यायच्या, सजवायच्या आणि छोट्या मुदतीने पुढे भाड्याने द्यायच्या. पण 2019 मध्ये आयपीओची, म्हणजे शेअर पहिल्यांदा लोकांना विकायला काढण्याची, कागदपत्रं दाखल केली तर त्यात पानोपानी टेक्नॉलॉजी! जानेवारीत 47 अब्ज डॉलर किंमत धरलेली कंपनी, आणि सप्टेंबरमध्ये आयपीओच मागे घ्यावा लागला. गिऱ्हाईक वाढलं की आणखी जागा घ्या, आणखी भाडं भरा, यात टेक कुठे आलं? सॉफ्टवेअर एकदा लिहिलं की पुढचं गिऱ्हाईक जवळजवळ फुकटात पडतं, मी तरी आधी हेच तपासतो. (एआयमध्ये मात्र प्रत्येक उत्तरामागे सर्व्हर आणि वीज लागते, तिथे हा हिशोब तितका सरळ बसत नाही.)

शेअर बाजारात कंपन्यांचे धंद्यानुसार गट पाडतात, तेपण बदलत असतात. 2018 मध्ये गूगल आणि फेसबुक आयटीच्या गटातून काढून कम्युनिकेशनमध्ये टाकले, 2023 मध्ये व्हिसा, मास्टरकार्ड फायनान्समध्ये गेले. कंपन्या होत्या तशाच होत्या, गट पाडणाऱ्यांनी फक्त त्या कमावतात कशातून ते बघितलं.

मला सगळ्यात पटतं ते युरोपियन युनियनच्या कोर्टाचं. उबर म्हणत होती आम्ही फक्त ड्रायव्हर आणि प्रवाशाची गाठ घालून देतो, 2017 मध्ये कोर्ट म्हणालं नाही, जास्तीत जास्त भाडं तुम्ही ठरवता, ड्रायव्हरने कुठल्या अटींवर काम करायचं ते तुम्ही ठरवता, म्हणजे ही वाहतूक सेवाच. आणि त्याच कोर्टाने 2019 मध्ये एअरबीएनबीला (प्रवाशांना लोकांची घरं भाड्याने मिळवून देणारं अॅप) मात्र डिजिटल सेवा मानलं, कारण तिथे भाडं घरमालक स्वतः ठरवतो. दोन्हीकडे अॅपच, पण कंट्रोल कुणाच्या हातात ते बघितलं गेलं. याच्याइतकं स्वच्छ उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही, आणि हे महत्त्वाचं यासाठी की टेकच्या नावाखाली जबाबदारी झटकली तर भोगतो तो गाडी चालवणारा.

आता तुला जिथून नोकरीचं बोलावणं आलंय ती विमा कंपनी. स्वतःला टेक म्हणवते, पण अॅप दिवसभर बंद पडलं तर लोक वैतागतील एवढंच, क्लेमचे पैसे देता आले नाहीत तर कंपनीच बुडेल. ती विमा कंपनीच आहे रे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. इंटरव्ह्यूमध्ये सरळ विचार की जोखीम कोण घेतं, प्रीमियम कोण ठरवतं, आणि तुझी टीम स्वतःचं सॉफ्टवेअर बनवते की बाहेरून घेतलेलं नुसतं सांभाळते. काय म्हणाले ते मला लगेच कळव, मग पगाराचं बोलू.

तुझाच,
जुना दोस्त