दत्ता, डावी बाजूही करून घे

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

उजव्या बाजूची खोल सफाई झाली आणि दातांत फटी पडल्या, म्हणून डावीकडे आता डॉक्टरांना हात लावू देणार नाहीस, असं फोनवर म्हणालास. तेव्हा पुरतं बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

अरे, त्या फटी डॉक्टरांनी पाडलेल्या नाहीत. तिथे इतकी वर्षं कीटण भरलं होतं आणि त्यावर हिरडी सुजून बसली होती. कीटण निघालं, सूज उतरली, आणि आत झिजलेल्या हाडाची जागा दिसायला लागली. साफ केल्याने दात खिळखिळे होतात हे मीही लहानपणापासून ऐकत आलोय. पण दात हलतो तो हाड गेल्यामुळे. गेलेलं हाड सहसा परत येत नाही, उरलेलं मात्र राखता येतं. सगळा खटाटोप त्यासाठीच. थंड पाणी झोंबतंय ते काही आठवड्यांत बरंच कमी होईल.

माझ्या वेळी डॉक्टरांनी खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताच्या कडेने हिरडीत घातली होती. ते आकडे बोलत होते आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती: तीन, दोन, तीन, सहा. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. सहा म्हणजे हिरडीखाली एवढा खिसा झालाय की तळापर्यंत ब्रशचे केस पोचतच नाहीत. ते काम डॉक्टरांचंच. आपल्याकडचं काम रोजचं आहे. दातावरचा मऊ थर आज काढला नाही, तर काही दिवसांत त्याचंच कीटण होतं आणि मग ते ब्रशने निघत नाही.

म्हणून ब्रश मऊच घे. तो हिरडीच्या कडेला तिरपा टेकव आणि जोर न लावता जागच्या जागी हलव. तुझ्या फटींना दातांत फिरवायच्या दोऱ्यापेक्षा (फ्लॉस) फटीत घालायचा तो छोटा ब्रश बरा. जबरदस्ती न करता आत जाईल पण सैल पडणार नाही, असं माप डॉक्टरांकडूनच ठरवून घे. रोज रात्री फिरव. सुरुवातीला तो लाल होऊन बाहेर येईल. घाबरून ती जागा सोडू नकोस, कारण थर तिथेच साठलेला असतो. रोज निघत गेला की रक्त कमी होत जातं. नाहीच झालं तर डॉक्टरांना दाखव.

क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशक औषधाच्या गुळण्या सांगितलेत तेवढेच दिवस कर. जास्त दिवस केल्यास दातांवर तपकिरी डाग पडतात, चवही बिघडते. पेस्टनंतर लगेच नको, अर्धा तास जाऊ दे. मिठाच्या कोमट पाण्याने बरं वाटतं, जरूर कर, पण त्याने कीटण निघत नाही. लवंगेच्या तेलाचंही तेच.

काकू मिशरी लाव म्हणतात, ते मात्र अजिबात ऐकू नकोस. त्यातल्या तंबाखूने हिरड्यांचं रक्त येणं कमी होतं, म्हणून माणसाला वाटतं बरं झालं. आत हाड झिजतच असतं. मला या सगळ्यात मिशरीचाच सर्वांत राग येतो.

आणि शुगरचं काय? डेंटिस्टना सांगितलंयस ना? साखर चढली की हिरड्या लवकर भरून येत नाहीत, आणि हिरड्यांना सूज असली की साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं. बीपीची गोळी अ‍ॅमलोडिपिन असेल तर तेही सांग. तिने काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस.

पू आला, गाल सुजला किंवा ताप भरला तर तारखेची वाट न बघता जा.

डावीकडची तारीख घेतलीस की कळव. शनिवार मिळाला तर मी सोबत येतो. निघण्याआधी पोटभर जेव, भुलीने ओठ बराच वेळ जड राहतो. काकूंना नमस्कार सांग. मिशरीचं त्यांच्याशी मी समोर बसून बोलेन.

तुझा,
विलास