सरकारी वकील होण्याआधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

अतिरिक्त सरकारी वकिलाच्या पदासाठी अर्ज करते आहेस हे ऐकून फार बरं वाटलं. वकिलीची सात वर्षं पूर्ण आहेत, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम 18 ची अट पुरी होते. मात्र लोकसेवा आयोगातून भरलं जाणारं सहायक सरकारी अभियोक्त्याचं पद वेगळं. ती पगारी नोकरी, तिथे खासगी वकिली बंद. तुझी नेमणूक सरकारी वकिलांच्या यादीतून, म्हणजे पॅनेलवरची; ते कंत्राटी काम. मुदत संपल्यावर पुन्हा नेमा असा हक्क सांगता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये जोहरी मल प्रकरणात स्पष्ट केलं आहे. सरकार बदललं की याद्याही बदलतात. म्हणून नेमणुकीच्या अटी नीट वाच आणि ऑफिस मोडू नकोस.

आधी हातातल्या फाइली. आरोपीतर्फे घेतलेली सगळी प्रकरणं वेगळी काढ. नुसती पुरसिस (कोर्टाला द्यायची लेखी माहिती) देऊन बाहेर पडू नकोस. पक्षकाराला लेखी कळव, कागद पोच घेऊन परत दे, न केलेल्या कामाची फी परत कर, नव्या वकिलाच्या वकीलपत्रावर ना हरकत लिहून दे. ज्याचा साधा जामीन अर्जही तू लिहिलास, त्याच्या खटल्यात सरकारतर्फे उभं राहता येत नाही. बार कौन्सिलचा नियम 33 तेच सांगतो. अडचण येते ती सहआरोपींमुळे. नावावरून शोधलं तर ते नजरेतून सुटतात, म्हणून जुन्या प्रकरणांच्या यादीत पोलीस ठाणं आणि गुन्हा रजिस्टर नंबर लिहीच.

आजवर तू पंचनाम्यातल्या फटी शोधल्यास, आता त्या वेळेत दिसायला हव्यात. पहिला साक्षीदार तपासण्याआधी जप्ती पंचनामा, प्रयोगशाळेला पाठवलेलं पत्र आणि सीए रिपोर्ट (रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) शेजारी ठेवून वाच. सीलचं वर्णन जुळतं का? जप्तीपासून नमुना पोचेपर्यंत मुद्देमाल कुणाच्या ताब्यात होता? मुद्देमाल रजिस्टरचा उतारा आणि नमुना नेणाऱ्या शिपायाचा जबाब नसेल, तर तपास अधिकाऱ्याकडून तेव्हाच मागव. उलटतपासात ते बाहेर आलं की सावरणं फार अवघड.

आरोपीच्या बाजूचा जबाब सापडला तर तो दाबायचा नाही. बचावाच्या वकिलाला गैरसोयीचा प्रश्न टाळता येतो, आपल्याला ती मुभा नाही. खटला मागे घ्या असं वरून पत्र आलं, तरी त्याच संहितेच्या कलम 360 खालचा, खटला मागे घेण्याचा निर्णय सरकारी वकिलाने स्वतःच्या बुद्धीने घ्यायचा असतो. कागद वाचून मन तयार झालं तरच सही कर, आणि अर्जात कारणं लिही.

परत खासगीत आलीस की हाच नियम उलट लागतो. सरकारतर्फे चालवलेल्या खटल्यातला आरोपी अपील घेऊन आला, तर ते घेता येणार नाही. पहिल्या दिवसापासून हाताळलेल्या प्रत्येक प्रकरणाची स्वतंत्र वही ठेव. पद सोडताना दप्तर सरकारकडे जातं, वही तुझ्याकडे राहील.

तुझी,
आई