मंत्रीमहोदय, फलकावर शत्रूचा रणगाडा आहे

मा. मंत्रीमहोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्याआधी आपण बेळगाव सीमाभागातल्या आमच्या गावच्या उद्यानात परमवीरांच्या फलकांचे उद्घाटन केलेत. १९७१ च्या युद्धात परमवीरचक्र मिळवलेल्या सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल यांच्या फलकातल्या चुका त्याच दिवशी आपल्या हातात लेखी दिल्या होत्या. 'विजय दिवसाच्या आत दुरुस्ती होईल, मराठी मजकूरही येईल,' असे आपण माईकवरून सांगितलेत. टाळ्याही घेतल्यात. १६ डिसेंबर होऊन गेला. दुरुस्ती नाही, मराठी नाही. फलकाच्या खांबांना आपल्या वाढदिवसाचा फ्लेक्स मात्र सुतळीने घट्ट बांधला आहे. ती कामे वेळेत होतात.

अर्ज आवक नोंदीत सापडत नाही म्हणतात, म्हणून चुका इथेच लिहितो.

चित्रातला रणगाडा पॅटन आहे, म्हणजे पाकिस्तानचा. खेतरपाल लढले सेंच्युरियनमधून. फरक पोरासोरांनाही कळेल. पॅटनचे नाक कासवाच्या पाठीसारखे गोल. सेंच्युरियनचे सपाट आणि तिरके. सेंच्युरियनच्या ट्रॅकवर बाजूने पोलादी पत्रे असतात. पॅटनचे ट्रॅक उघडे, वरची छोटी चाकेही दिसतात. तोफेच्या नळीवर एक फुगवटा असतो, बार उडाल्यावर धूर टरेटमध्ये, म्हणजे वरच्या फिरत्या घुमटात, येऊ नये म्हणून. सेंच्युरियनच्या १०५ मिमी तोफेवर तो साधारण मध्यावर, पॅटनच्या ९० मिमी तोफेवर पार टोकाजवळ. फलकावरचा टोकाजवळ आहे. ज्या रणगाड्यांशी लढताना पोरगा गेला, त्यातलाच एक आपण त्याच्या नावावर टांगलात. ठेकेदाराने इंटरनेटवरून पहिला दिसला तो उचलला, आणि साहेबांनी सही केली.

'कॅप्टन' लिहिले आहे. कॅप्टन व्हायला त्याला वेळ मिळाला कुठे? जन्म १४ ऑक्टोबर १९५०, पुण्यात. खडकवासल्याच्या एनडीएत १९६७ मध्ये दाखल. १३ जून १९७१ ला १७ पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटमध्ये कमिशन. अहमदनगरला तरुण अधिकाऱ्यांचा कोर्स चालू असतानाच लढाईमुळे रेजिमेंटमध्ये परत. १६ डिसेंबरला शकरगड भागात, बसंतर नदीपलीकडे वीरमरण. एकूण नोकरी सहा महिने तीन दिवस.

'रणगाडा चालवत शत्रूवर तुटून पडले' हे वाक्य तर शाळेच्या गॅदरिंगमधले. सेंच्युरियनमध्ये चौघे असतात: कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. खेतरपाल कमांडर होते. लक्ष्य शोधणे, गनरला दिशा आणि अंतर देणे, वायरलेसवर बोलणे हे त्यांचे काम. सुरुंगपट्टा पुरता मोकळा व्हायच्या आतच रेजिमेंटचे रणगाडे पलीकडे गेले होते. सकाळी जरपालजवळ धुराच्या पडद्याआडून पाकिस्तानी चिलखती दल आले. मदतीची हाक ऐकून खेतरपाल धावले. तीन सेंच्युरियन उभे राहिले आणि शत्रूचे दहा रणगाडे पडले. त्यातले चार खेतरपालांचे, शेवटचा जेमतेम १०० मीटरवर. त्याआधीच यांचा रणगाडा पेटला होता. सेंच्युरियनचे इंजिन पेट्रोलवर चालते, हे ज्याला माहीत आहे त्याला 'रणगाडा सोडा' हा वरिष्ठांचा हुकूम किती शहाणपणाचा होता ते कळेल. उत्तर आले की तोफ अजून चालतेय, सोडणार नाही. रणगाड्याचे नाव 'फामागुस्ता'. आत सवार नंद सिंग हेही गेले. त्यांचे नाव फलकावर नाही. सवार म्हणजे चिलखती दलातला साधा शिपाई, त्याला कोण विचारतो?

आता फलकाची जात. अ‍ॅक्रिलिकमागे व्हायनल स्टिकर, लोखंडी अँगल, कडेला सिलिकॉनसुद्धा नाही. आमच्याकडचा पाऊस तिरका येतो. जुलैत पाणी आत शिरले, शाई उतरली, बोल्टभोवती गंज आला. गावात एका फलकाला तीन लाख म्हणतात. खोटे असेल तर बिल दाखवा. याच्या निम्म्यात काळा ग्रॅनाइट येईल, अक्षरे यंत्राने कोरून. रंगवलेली नकोत, कोरलेलीच हवीत. आणि मजकूर शौर्यपदकाच्या मानपत्रावरून घ्या, चित्र चिलखती दलातल्या माणसाला दाखवून मगच दगडावर चढवा. मागणे एवढेच आहे.

मराठीचे विचारले की साहेब वर बोट दाखवतात. कन्नड काढा असे कोणी म्हटलेले नाही. १९५६ पासून सीमाभागाने काय काय गिळले ते आपल्याला ऐकायचे नसते. २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, तो राहू दे. पण मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र याच बेळगावात आहे. भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी पोरे खानापूर, निपाणीची. त्यांच्या भाषेतल्या चार ओळींना कायदा आडवा येतो, त्यांच्या छातीला येत नाही. २०२२ पासून तीही छाती 'अग्निपथ' योजनेत चार वर्षांच्या कराराने घेतात. शंभरातले पंचवीस ठेवायचे, बाकीच्यांना पाकीट देऊन घरी. वर भाषणात 'वीरभूमी' म्हणायला आपण मोकळे.

हिवाळी अधिवेशनाला बेळगावच्या विधानभवनात, सुवर्णसौधमध्ये येता, तेव्हा वाट वाकडी करून उद्यानात या. दुरुस्तीला पैसे नसतील तर निदान तो पॅटन तरी काढून न्या, आणि आपला फ्लेक्सही. सुतळी आम्ही कापून देऊ.

आपले,
बेळगाव सीमाभागातील काही माजी सैनिक