अर्थिंग गेलेली नस

कोल्हापूर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

नागीण बरी होऊनही आग का जात नाही आणि त्यात आरएनएचा काय हात, हे परवा फोनवर तू अर्धा तास समजावलंस आणि मी नुसतं 'हं, हं' करत राहिलो. खरं सांगू, टाळक्यात काही शिरलं नव्हतं. काल रंकाळ्याला फेरी मारताना सदरा बरगडीला घासला, निखारा टेकवल्यासारखं झालं, आणि तिथंच कट्ट्यावर बसून तुझं बोलणं जुळवत राहिलो.

नागिणीचे फोड वाळून तीन महिने झाले. आता डाग तेवढे उरलेत. शेजारच्या मावशींनी गेरूचा लेप दिला, वर 'दोन टोकं जुळली तर खैर नाही' म्हणून घाबरवलंही. तुझ्याकडून कळलं की लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू मणक्याजवळच्या नसांच्या गाठींत इतकी वर्षं दबा धरून होता.

आता तुझं आरएनए, म्हणजे पेशीतल्या डीएनएवरून उतरवलेली प्रत. आपल्या डीएनएच्या तीन अब्ज अक्षरांतली प्रथिनं बनवण्याच्या कामाची २ टक्केसुद्धा नाहीत. बाकीच्यांतून निघणारे कित्येक आरएनए स्वतः काही बनवत नाहीत, दुसऱ्यांना कामाला लावतात नाहीतर गप्प बसवतात. (उद्यमनगरात असे मुकादम मी पुष्कळ पाहिलेत.) त्यातला बावीसेक अक्षरांचा चिमुकला प्रकार १९९३ मध्ये मिलिमीटरभर किड्यात ओळखला गेला आणि अ‍ॅम्ब्रोस-रुव्हकुन या शोधकांना नोबेल मिळालं २०२४ मध्ये. एकतीस वर्षांनी!

पण माझ्या डोक्यात बसला तो २०१३ चा उंदरांवरचा प्रयोग. नस दुखावली की त्या गाठीतल्या पेशींत एक लांब आरएनए वाढतो. पेशीतून पोटॅशियम बाहेर जायची एक वाट बनवायचा जो हुकूम असतो, त्याची ही उलटी प्रत. ती वाढली की वाट बनणंच कमी होतं, आणि नस शांत ठेवायचं काम तर त्या वाटेचं. चाळीस वर्षं मोटारींचं वाइंडिंग केलेल्या माणसाला हे असं कळलं: अर्थिंग गेलं. नुसतं बोट लागलं तरी झटका. तू म्हणशील, अर्थिंग नव्हे ते. नसू दे. उंदराचं माझ्या नागिणीला जसंच्या तसं लागू होत नाही, हेही तू बजावलं होतंस.

त्या आरएनएवरचं औषध काही दुकानात मिळत नाही, तेव्हा रात्री नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिनची गोळी घेतोय. साध्या पेनकिलरनं काही होत नाही. सकाळी डोकं जड असतं. तुझी आई म्हणते, आधीही जडच होतं.

एक गोष्ट फोनवर बोलवली नाही. साखरेनं आजीचे तळपाय जळायचे. रात्री उठून ती शहाबादी फरशीवर पाय टेकून बसायची. ना जखम, ना सूज. मी म्हणायचो, "आई, मनाचे खेळ आहेत, झोप आता." ती गप पडून राहायची. काल कट्ट्यावर तीच आठवत होती.

सुट्टीत येताना लक्ष्मी रोडवरून मलमलचे दोन सदरे आण. एक माप मोठे घे, आणि आतली शिवण हात फिरवून बघ.

तुझे पप्पा